डोस कधी वाढवला होता?

डॉक्टरांनी एवढंच विचारलं आणि मला सांगता येईना. मांडीवर फाईल होती, चांगली जाडजूड, सात वर्षांचे थायरॉईडचे रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शनं, सोनोग्राफीचे कागद, एकही कधी टाकलेला नाही, आणि तरी तोंडातून निघालं ते "मागच्या वर्षी कधीतरी, मुलीची परीक्षा होती तेव्हा बहुतेक". त्यांनी फाईल हातात घेऊन चाळली. २०१९ चा रिपोर्ट २०२२ च्या मागे, दोन प्रिस्क्रिप्शनं स्टेपल होऊन भलत्याच टेस्टला चिकटलेली, एका कागदावर तर नेमकं तारखेवरच पंचिंगचं भोक. दोन-तीन मिनिटं त्यातच गेली. मग फाईल मिटून बाजूला ठेवली, समोरचा ताजा रिपोर्ट बघितला, टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन) ०.०८, म्हणजे फारच कमी, म्हणजे गोळी जास्त होतेय, म्हणून ११२ मायक्रोग्रॅमची गोळी ८८ वर आणली आणि आठ आठवड्यांनी परत टेस्ट करून या म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही, हातात जेवढं होतं तेवढ्यावर त्यांनी बरोबरच केलं. पण मी बाहेर आले, लिफ्टपाशी उभी राहिले आणि एकदम आठवलं की गेला दीड महिना रात्री छातीत धडधडतंय ते सांगायचं राहूनच गेलं. ज्याच्यासाठी अपॉइंटमेंट लवकरची मागून घेतली होती तेच.

मी परत आत गेले नाही. बाहेर माणसं बसली होती, पुढचा नंबर आत गेला होता, आणि मला स्वतःचाच इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा वाटलं, यात नुसता माझा वेंधळेपणा नाहीये. थायरॉईड कमी पडतो तेव्हा सगळ्यात आधी लक्षात राहणं जातं, निदान माझं तरी गेलं होतं. २०१६ मधे निदान झालं त्याच्या आधीचे सहा महिने मी गॅसवर भांडं ठेवून विसरत होते, शेजारणीचं नाव ओठावर यायचं आणि निसटायचं, वाचलेलं पान परत वाचायला लागायचं. आणि याच आजारात डॉक्टर विचारतात कधीपासून, किती दिवस, आधी काय होतं, मग काय झालं. म्हणजे जी गोष्ट आजाराने कमजोर केली तिच्याच भरवशावर आजाराचा हिशोब द्यायचा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवसापासून लिहिलं असतं.

लिहायला का हवं याचं अजून एक कारण आहे आणि ते मला खूप उशिरा कळलं. टीएसएच हा थायरॉईडमधून येतच नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते, थायरॉईड कमी काम करत असेल तर ती जास्त टीएसएच सोडून त्याला हाका मारते, रक्तात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, जास्त झालं की गप्प बसते. म्हणून आकडा उलटा चालतो, टीएसएच वर म्हणजे थायरॉईड कमी. आणि ही ग्रंथी सावकाश विश्वास ठेवणारी आहे. गोळीतलं थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर सगळं स्थिर होऊन टीएसएच खरा दिसायला ६ ते ८ आठवडे जातात. म्हणजे आज जो आकडा आलाय तो आजचा नाहीच, गेल्या दीड-दोन महिन्यांचा आहे. त्या दीड-दोन महिन्यांत काय काय झालं हे शेजारी लिहिलेलं नसेल तर नुसत्या आकड्यावरून फारसं काही वाचता येत नाही. माझ्या फाईलमधे आकडे सगळे होते, ते दोन महिने कुठेच नव्हते.

ताई आली त्या शनिवारी. मी फाईल जमिनीवर ओतली. ती म्हणाली, "तू लिही, मी वाचते, आणि मधे मधे आठवणी सांगत बसू नकोस, आधी तारखा." दुपारभर तेच केलं. रिपोर्टवर तीन-तीन तारखा असतात, रक्त घेतल्याची, लॅबमधे पोचल्याची, रिपोर्ट छापल्याची, आणि धरायची ती रक्त घेतल्याची, हेसुद्धा मला तेव्हा कळलं. पहिला प्रयत्न फसला कारण मी सगळंच उतरवत बसले, कोलेस्टेरॉल, शुगर, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी, बी ट्वेल्व्ह, तक्ता वहीच्या दोन पानांवर पसरला आणि बघितल्यावर डोकं गरगरलं. मला स्वतःला त्यात काही दिसेना तर डॉक्टरांना आठ मिनिटांत काय दिसणार. ताईने तो फाडला. मग फक्त सहा रकाने केले, तारीख, टीएसएच, फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन), लॅब, तेव्हा चालू असलेला डोस, आणि शेवटचा रकाना मुद्दाम रुंद, त्याच्या डोक्यावर ताईने लिहिलं "तेव्हा काय चालू होतं".

सगळी गंमत त्या शेवटच्या रकान्यात निघाली.

२०१७ पासून २०२१ पर्यंत मी ७५ वर होते, टीएसएच दोनच्या आसपास, पाच वर्षं काहीच घडलं नाही. मग १४ जून २०२२, टीएसएच एकदम ८.४, डोस १००. सप्टेंबरमधे अजूनही ५.९, डोस ११२. मग एप्रिल २०२३ मधे धाडकन ०.०८. मी ते बघून म्हणाले, बघ ना ताई, थायरॉईडच बिघडत चाललाय. ती काही बोलली नाही, वेगळ्या ढिगातलं एक प्रिस्क्रिप्शन काढलं, फॅमिली डॉक्टरांचं, थायरॉईडशी काही संबंध नाही म्हणून मी ते बाजूला टाकलं होतं. मार्च २०२२. हिमोग्लोबिन कमी, आयर्नच्या गोळ्या, सकाळी उपाशीपोटी. "तू ही कधी घ्यायचीस?" थायरॉईडच्या गोळीबरोबरच घ्यायचे. दोन्ही उपाशीपोटी म्हणून सांगितलेल्या, एकाच घोट पाण्याबरोबर, लक्षात राहायला सोपं पडायचं. "आणि बंद कधी केलीस?" जानेवारी २०२३ मधे हिमोग्लोबिन बरं आलं तेव्हा.

आयर्न आणि थायरॉक्सिन पोटात एकमेकांना धरून बसतात आणि थायरॉक्सिन रक्तात नीट शोषलंच जात नाही. कॅल्शियमचंही तसंच. म्हणून या गोळ्यांमधे साधारण ४ तासांचं अंतर ठेवायला सांगतात. म्हणजे माझा थायरॉईड आणखी बिघडलाच नव्हता, ७५ ची गोळी पोटातच अडत होती, ती अडतेय म्हणून १०० झाली, मग ११२ झाली, आणि आयर्न बंद झाल्यावर ती ११२ पूर्ण अंगात गेली. धडधड तिथून आली. झोप उडाली होती ती तिथून. वर्षभराचा सगळा गोंधळ त्या एका ओळीत बसला, आणि ती ओळ दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन वेगळ्या कागदांवर असल्यामुळे कुणालाच दिसली नव्हती. दोघांपैकी एकाकडेही दुसऱ्याचा कागद नव्हता. दोन्ही कागद एकत्र असलेली जगातली एकच जागा म्हणजे माझी फाईल.

म्हणून मी आता ज्याला त्याला हेच सांगते की बाबांनो, फक्त थायरॉईडची गोळी लिहू नका, जे जे गिळता ते सगळं लिहा, आणि सुरू केल्याची तारीख जेवढी महत्त्वाची तेवढीच बंद केल्याची. ॲसिडिटीच्या गोळ्याही लिहा, पोटातलं ॲसिड कमी झालं की थायरॉक्सिन शोषण्यावर परिणाम होऊ शकतो. मनाच्या आजारासाठीचं लिथियम किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडारोन चालू असेल तर ते अगदी वरच लिहा, ती औषधं थायरॉईडवरच परिणाम करतात. गोळीची कंपनी बदलली तर तेही. आणि केसांच्या गोळ्या! हा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो कारण थायरॉईडने केस गळतात, केस गळतात म्हणून माणूस बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतो, आणि बायोटिनचा डोस मोठा असेल तर बऱ्याच लॅबमधल्या टेस्टची पद्धतच गडबडते, टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त दिसू शकतो, म्हणजे थायरॉईड जोरात पळतोय असं रिपोर्टवर येतं आणि प्रत्यक्षात तसं काहीच नसतं. अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २०१७ मधे बायोटिनमुळे लॅबच्या टेस्ट चुकू शकतात असा इशाराच दिला होता. टेस्टच्या निदान दोन दिवस आधी ते थांबवायला सांगतात, डोस मोठा असेल तर किती दिवस हे डॉक्टरांनाच विचारायचं. मी २०२१ मधे दोन महिने घेतलं होतं, सुदैवाने त्या दोन महिन्यांत टेस्ट झाली नव्हती. झाली असती तर कुणीतरी त्या आकड्यावर विश्वास ठेवून माझा डोस कमी केला असता आणि मी परत भांडी करपवत बसले असते.

लॅबच्या रकान्यावर ताई आणि माझा थोडा वाद झाला, तिला तो फालतू वाटत होता. पण प्रत्येक लॅबची नॉर्मल रेंज थोडी वेगळी असते, कुठे टीएसएच ४ पर्यंत ठीक, कुठे ४.५ पर्यंत, आणि फ्री टी-फोरचं तर युनिटच वेगळं असतं. माझ्याकडे एका रिपोर्टवर १.२ आणि दुसऱ्यावर १५.४ होता, मी घाबरून मोठा लाल गोल केला होता, आणि तो एकच आकडा निघाला, एक नॅनोग्रॅम पर डेसिलिटरमधे आणि एक पिकोमोल पर लिटरमधे. जमलं तर दर वेळी एकाच लॅबमधे, साधारण एकाच वेळी रक्त द्यावं, टीएसएच रात्री वाढतो आणि दुपारी कमी होतो, सकाळी आठचा आकडा आणि दुपारी तीनचा आकडा शेजारी ठेवून काय कळणार. आणि त्या दिवशी गोळी घेऊन रक्त दिलं की आधी रक्त देऊन मग गोळी घेतली, हे दोन शब्दांत लिहायचं, कारण गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-फोर वर चढलेला असतो.

बाकीच्या हार्मोनच्या टेस्टना तर तारखेबरोबर पाळीचा दिवससुद्धा लागतो. माझ्याकडे एफएसएच-एलएचचा, म्हणजे पाळी चालवणाऱ्या हार्मोन्सचा, एक रिपोर्ट होता, पाळीचा कितवा दिवस ते कुठेच नाही, तो बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, आणि प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी यायच्या साधारण आठवडाभर आधी. दिवस माहीत नसेल तर त्या आकड्याचं करायचं काय? तो कागद मी नुसताच सांभाळत होते. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सकाळी जास्त असतो, रात्री उतरतो, त्यामुळे तिथे घड्याळातली वेळ लिहायची. माझं वय आता ४६ आहे, पाळी पुढेमागे होतेय, रात्री घाम येतो, झोप मोडते, धडधड होते, आणि यातलं पाळी जायच्या वयामुळे काय आणि गोळी जास्त झाल्यामुळे काय हे मला नुसतं अंगावरून कधीच सांगता आलं नसतं. पाळीच्या तारखा त्याच रुंद रकान्यात टाकायला लागल्यावर निदान डॉक्टरांशी बोलायला काहीतरी हातात आलं. गरोदर असणाऱ्यांनी किंवा तसा विचार करणाऱ्यांनी तर कागद तयार व्हायची वाटच बघू नये, कळल्या कळल्या डॉक्टरांना फोन करावा, अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच डोस वाढवावा लागतो बऱ्याच जणींना.

त्रास कसा लिहायचा हे मला सगळ्यात जड गेलं. आधी मी "थकवा" लिहायचे. सात वर्षांच्या प्रत्येक कागदावर थकवा आहे! थकवा कुणाला नसतो, डॉक्टर तरी त्यातून काय ओळखणार. मग ताईने विचारलं, तुला काय करता येत नव्हतं ते सांग. दुसऱ्या मजल्यावर जिन्यात थांबावं लागायचं. केस धुवायला हात वर धरले की भरून यायचे. हे लिहिलं. धडधडीचं लिहिलं, रात्री साधारण दोन वाजता, आठवड्यातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं, उठून बसलं की कमी. सकाळी उठल्या उठल्या पल्स मोजली, ९६, ती लिहिली. आणि रोज लिहायचं नाही हे मी पक्कं ठरवलंय. एक महिना मी फोनमधल्या ॲपवर रोज मूड, झोप, वजन, पोट, सगळं भरत होते आणि दिवसभर स्वतःच्याच अंगावर कान लावून बसल्यासारखी झाले होते, त्याने माझी झोप अजून बिघडली. आता फक्त काही बदललं तर लिहायचं, आणि अपॉइंटमेंटच्या आधीचे दहा दिवस. फोनमधले रिपोर्टसुद्धा स्क्रीनशॉट म्हणून ठेवत नाही, पीडीएफ ठेवते आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, की आपोआप ओळीत लागतात.

या सगळ्या दिवसांत एक जुनी गोष्ट वाचनात आली आणि ती माझ्या मनातून जात नाही. १८९१ मधे इंग्लंडमधे जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी थायरॉईड पार बंद पडलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला, तोपर्यंत या आजारावर म्हणावं असं औषध नव्हतं. ती बाई तेव्हा ४६ वर्षांची. माझ्याच वयाची. ती पुढे २८ वर्षं जगली, १९१९ मधे वयाच्या ७४ व्या वर्षी गेली, आणि त्यानंतर मरे यांनी तिची पूर्ण हकीकत लिहून छापली, त्यात एवढ्या वर्षांत तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या हाही हिशोब आहे. २८ वर्षं कुणीतरी तिचा हिशोब ठेवत होतं. मी तो आकडा वाचून बराच वेळ बसून राहिले. माझी गोळी नखाएवढी आहे, मी ती रोज न बघता गिळते.

जूनमधे गेले तेव्हा फाईल पिशवीतच ठेवली होती आणि हातात एकच पान. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात एकच ओळ, रात्रीची धडधड, पल्स ९६, एप्रिलमधे सांगायची राहिली. ती मी बसता बसता वाचून दाखवली, नमस्कारही नंतर केला. डॉक्टरांनी लगेच नाडी धरली, ईसीजी काढायला लावला, टीएसएच फार कमी राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित व्हायची भीती असते, पुढे हाडंही ठिसूळ होऊ शकतात, हे मला तेव्हा त्यांच्याकडून कळलं. ईसीजी चांगला आला. मग त्या पानाकडे वळल्या आणि बोट वरून खाली नेत त्यांनी परत तेच विचारलं, डोस पहिल्यांदा कधी वाढवला होता?

"१४ जून २०२२. आणि आयर्न त्याच्या तीन महिने आधी."

त्यांचं बोट थांबलं. मार्चच्या ओळीवर गेलं, मग खाली जानेवारीवर, मग परत वर. "बरोबर घेत होता दोन्ही?" हो म्हटलं. त्यांनी पान स्वतःकडे ओढून घेतलं, पेनने आयर्नच्या दोन तारखांना एक कंस जोडला आणि म्हणाल्या, "मग तुमचा डोस ७५ च आहे. पहिल्यापासून तोच होता." टीएसएच त्या दिवशी ०.३ होता, ८८ वरही जरा कमीच. ७५ ची गोळी लिहून दिली, आणि पुन्हा कधी आयर्न लागलं तर ते दुपारी घ्यायचं, हेही त्याच कागदावर लिहिलं. मी उठताना त्या म्हणाल्या, याची एक झेरॉक्स इकडे ठेवून जा.

ऑगस्टच्या शेवटी टेस्ट केली, त्याच लॅबमधे, सकाळी आठला, गोळीच्या आधी. टीएसएच २.३. ताईला फोन करून सांगितलं, तिने विचारलं वहीत उतरवलंस का, म्हटलं उतरवते. तारीख टाकली, आकडे टाकले, डोस ७५. शेवटच्या रुंद रकान्यापाशी आले, पेन धरून जरा थांबले, धडधड नाही, झोप बरी, पाळी १९ तारखेला. तेवढं लिहिलं, आणि पुढे, बाकी काही विशेष नाही.